पानं मध्ये येतात

नळसाहेबांच्या दारातल्या लिंबावर निळ्या माशीमाराच्या जोडीने घरटं बांधलं, ही गोष्ट खरं तर तिथेच संपायची. पिल्लं झाली असती, उडाली असती, कुणाच्या बापाचं काही गेलं नसतं. पण नळसाहेब पाणीखात्यातून निवृत्त झालेले, आणि निवृत्त माणसाला आनंद एकट्याने पचत नाही. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि पक्षिमित्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

"दवंडी पिटायची काय गरज होती?" बायको म्हणाली. घरटं आधी दिसलं होतं तिलाच, स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

"अगं, शिकलीसवरली माणसं आहेत. पक्ष्यांवर जीव आहे त्यांचा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो जीव डझनभर कॅमेरे आणि तोफेएवढ्या लेन्स घेऊन अंगणात उभा होता. पुढे मंडळाचे अध्यक्ष, धंद्याने दातांचे डॉक्टर. त्यांनी आधी नियम वाचून दाखवला. घरट्यापासून पंचवीस हातांच्या आत मानवी वावर निषिद्ध.

"म्हणजे स्वयंपाकघर बंद ठेवावं लागेल, काका. खिडकीतल्या हालचालीने पक्षी विचलित होतो."

"अहो, पण तुम्ही तर पाच हातांवर उभे आहात!"

"आमचा वावर नाही. आमचं निरीक्षण आहे."

नळसाहेबांनी मान डोलावली. "पाणी नाही असं नाही, फक्त दाब नाही," हे वाक्य त्यांनी जन्मभर लोकांना ऐकवलं होतं. चांगलं घडवलेलं वाक्य त्यांना लगेच ओळखू यायचं. बायकोने शेगडी मागच्या पडवीत हलवली आणि तिथूनच मंडळाला चहा पाठवू लागली, तोंडाने पुटपुटत.

अंड्यांतून तीन पिल्लं बाहेर आली तेव्हा अडचण लक्षात आली. पानं मध्ये येत होती. अध्यक्षांनी फांदीत टॉर्च मारून निदान केलं, "हे एक काढावं लागेल. दुखणार नाही." ते पान गेलं. मग उजवीकडच्या सभासदाला त्याच्या बाजूचं पान खुपायला लागलं. एकाला मंजुरी आणि दुसऱ्याला नकार हा अन्याय झाला असता, म्हणून सर्वानुमते तेही गेलं. दोन दिवसांत लिंबाचं झाड न्हाव्याच्या खुर्चीतून उठल्यासारखं दिसायला लागलं.

"अहो, ऊन लागतंय पिल्लांना! चोची वासून बसलीत बिचारी," म्हणत बायकोने वरच्या फांदीला छत्री बांधली. मंडळाने ती तातडीने उतरवली.

"काकू, छत्री नैसर्गिक दिसत नाही."

"आणि पानं काय मी शिवून लावली होती?"

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याने विचारात घेता आला नाही. नळसाहेब मात्र कुंपणाकडे बघत होते. पिल्लांची आई चोचीत किडा धरून कुंपणावर बसली होती. एवढ्या माणसांतून पुढे यायची तिची हिंमत होत नव्हती. बोलावलं कुणी या लोकांना? आपणच ना! ते तावातावाने अध्यक्षांपुढे गेले.

"बास झालं! चला, निघा सगळे!"

"तुमची भावना पोचली, काका. लेखी द्या. शनिवारच्या बैठकीत घेऊ."

नळसाहेब निमूटपणे कागद शोधायला आत गेले. सवय, दुसरं काय!

कावळा काही शनिवारपर्यंत थांबला नाही. त्याला आता घरटं लांबूनही स्वच्छ दिसत होतं, मंडळाला हवं होतं अगदी तसं. पहिलं पिल्लू त्याने उचललं तेव्हा कुणी ओरडलं नाही, नुसता कॅमेऱ्यांचा खडखडाट झाला. बायको झाडू घेऊन पडवीतून धावत सुटली, आणि मग मात्र सगळे एकदम ओरडले.

"काकू, बाजूला व्हा! मध्ये येताय!"

तिन्ही पिल्लं गेली. अध्यक्षांच्या फोटोला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं, संवर्धन विभागात. बायको प्रदर्शनाला गेली नाही. नळसाहेब गेले, चार लोकांत खरं काय ते सांगायचंच असं ठरवून. फोटोपुढे ही गर्दी! "अरेरे" म्हणत प्रत्येक जण मोबाइल वर करत होता.

"झाड तुमचंच ना?" कुणीतरी विचारलं.

"आमचंच," नळसाहेब म्हणाले. छाती जराशी फुगली, आणि त्याची त्यांना लाज वाटली. मग ते काहीच बोलले नाहीत.

घरी खिडकी पुन्हा उघडी होती. बायकोने वळून न पाहता विचारलं, "कसा आलाय?"

"स्पष्ट आलाय," ते म्हणाले.

तुम्हालाही वाईट वाटलं असेल. वाटणारच. पण खरं सांगा, तो फोटो एकदा बघायला मिळाला तर बरं, असं मनात येऊन गेलं की नाही? मग या, रांग इथूनच सुरू होते. फक्त मध्ये येऊ नका.