आधी उघडलेली बरणी

एका जंगलात, मुलांनो, चिमाक्का नावाची एक अस्वलीण राहत होती. कुठलं जंगल ते विचारू नका. जिथे आंबे पिकतात आणि शेजारणी एकमेकींच्या घरात डोकावतात, असलं कुठलंही धरा.

चिमाक्काच्या घरात तिचा नवरा सोनबा होता आणि सोनबाचे वडील होते. म्हातारा गरीब स्वभावाचा होता. तिन्ही त्रिकाळ ‘सूनबाई म्हणेल तसं’ म्हणायचा. त्याने तरुणपणी दारात एक कोय लावली होती. तिचं केवढं झाड झालं होतं. आंबा रायवळच, पण देठाशी शेंदरी व्हायचा, म्हणून त्याचं नाव शेंदऱ्या.

एका वर्षी जंगलात काहीच पिकलं नाही. सगळे पोटाला चिमटा काढून बसले. चिमाक्काने मात्र आदल्या साली आंब्याच्या फोडी पाकात घालून तीन बरण्या भरल्या होत्या. त्या तीन बरण्यांवर घर तरलं. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर पंजा ठेवला आणि म्हणाला, लक्ष्मी आहेस. झालं. तो पंजा चिमाक्का कधी विसरली नाही.

तेव्हापासून तिने दिसेल ते टिकवायला घेतलं. फोडी एकसारख्या चिरायच्या, बरण्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या, गरम असतानाच झाकण घट्ट लावायचं आणि वर तारखेची चिठ्ठी डकवायची. करवंदं, जांभळं, फणसाचे गरे, काही म्हणता काही सुटलं नाही. तुरीचे ओले दाणे आणि मटार तिने बर्फाच्या गुहेत गोठवून ठेवले. आता जंगलात बर्फ कुठून आला, असं कोण विचारतोय तिकडे? गोष्ट ऐकायची आहे की उठून जायचंय?

सिंहाने तिला ‘साठवणभूषण’ केलं. घरोघरच्या हरिणी बरण्या बघायला येऊ लागल्या. बघायलाच हं. खायला नाही.

कारण घरात एक नियम होता. आधी जुनं संपवायचं. तुमच्या आयांचाही असतो, शिळी पोळी संपल्याशिवाय ताजी नाही, तसाच. वैशाखात शेंदऱ्या पिकायचा तेव्हा घरात गेल्या सालच्या बरण्या शिल्लक असायच्या. उघडलेली बरणी टिकत नाही, म्हणून सगळ्यांनी ती खायची. झाडावरचा आंबाही टिकत नाही, म्हणून तो बरणीत. असं दरसाल. भर वैशाखात, झाडाखाली बसून, ते घर गेल्या वर्षीचा आंबा खायचं.

म्हाताऱ्याला एकच वाटायचं. झाडावरचा एक शेंदऱ्या हातात घ्यावा, दाबून मऊ करावा, चीक काढून टाकावा आणि कोपरापर्यंत ओघळ येऊ देत चोखावा. पण आता त्याला झाडावर चढवत नव्हतं. पडलेला उचलावा म्हटलं, तर फळाला मार लागू नये म्हणून सुनेने खाली जाळं बांधलेलं. सोनबाने एकदा काखेत लपवून एक आणला. दारातच सापडला, वासावरून. ताज्या आंब्यात तेवढाच दोष आहे बघा, त्याला लपता येत नाही.

“देते की मामंजी,” चिमाक्का म्हणायची, “ही बरणी तेवढी संपू द्या.”

आणि बरणी संपेतो हंगाम संपायचा.

एका वैशाखात म्हातारा अंथरुणाला खिळला. त्याने परत तेच मागितलं. चिमाक्काचा जीव कळवळला. ती दुष्ट नव्हती हो, मुळीच नव्हती. तिने बरणी उजेडात धरून पाहिली. तळाशी चारच फोडी होत्या.

“एवढ्या चार खाऊन घ्या मामंजी. उद्या सकाळी झाडावरचा देते.”

म्हाताऱ्याने शहाण्या बाळासारख्या दोन खाल्ल्या. उरलेल्या दोन बशीतच राहिल्या. सकाळ व्हायच्या आत तो गेला.

चिमाक्का ऊर बडवून रडली. खोटं रडली नाही.

दहाव्याला सगळे नदीवर जमले. पिंड मांडला. शेजारी चिमाक्काने साठवणभूषण मिळवून देणारी बरणी उघडून फोडी वाढल्या. डोमकावळा तात्या फांदीवर बसला होता. जंगलातले सगळे दहावे त्याच्याकडे असत. तो काही खाली येईना.

चिमाक्काने दुसरी बरणी उघडली. मग गऱ्यांची, मग जांभळांची, अशा एकेक करत सात. गुहेतले मटार आणले, ते दगडावर पाणी सोडत बसले. सोनबाने हात जोडून सांगितलं, बाबा, झाडाची काळजी घेईन. चिमाक्का म्हणाली, मामंजी, पुढच्या सगळ्या बरण्यांवर तुमचं नाव घालीन. हे ऐकून तात्याने पाठच फिरवली.

ऊन चढलं. पाहुण्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले, फांदीवरचा मात्र गप्प. चिमाक्का रडकुंडीला आली आणि तात्याला विचारू लागली की चुकलं तरी काय.

“मला काय विचारतेस, बाई,” तात्या म्हणाला. “त्याला काय हवं होतं ते तुला ठाऊक आहे.”

होतंच ठाऊक. ती उठली. घरी गेली, पदर खोचून झाडावर चढली आणि एक पिकला शेंदऱ्या देठासकट घेऊन आली. पानावर ठेवला मात्र, नदीकाठी वास पसरला. तिने हात मागे घ्यायच्या आत तात्या खाली उतरला होता.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. सोनबा जन्मात कधी बायकोसमोर बोलला नव्हता. तो हळूच म्हणाला, “आपल्या घरात झाडावरचा आंबा मिळायला आधी मरावं लागतं.”

चिमाक्काला ते काळजात लागलं. ती ढसाढसा रडली. मामंजींनी एक आंबा मागितला आणि मी तो दिला नाही, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. आजपासून ह्या घरात झाडावरचाच आंबा खायचा, असंही म्हणाली. हरिणींनी डोळे पुसले. सोनबा तर टोपली आणायला उठलादेखील.

मग चिमाक्काने डोळे पुसले आणि तिला समोरचं दिसलं. काठावर सात बरण्या उघड्या पडल्या होत्या.

“बसा खाली,” ती सोनबाला म्हणाली. “झाडावरचा उद्यापासून. आधी ह्या उघडलेल्या संपवू.”

पाहुण्यांना फोडी वाढल्या. उरलेल्या सोनबा पुढे महिनाभर खात होता. तोवर सगळा शेंदऱ्या उतरायला आला, आणि तो काही टिकणारा नव्हता. चिमाक्काने पाणी उकळायला ठेवलं.

तात्पर्य : बरणीवर मुदतीची तारीख लिहिलेली असते, सासऱ्यावर नसते. म्हणून, मुलांनो, शहाण्याने नेहमी आधी बरणीचा विचार करावा.