प्रतिकारशक्तीची मुदत

सासऱ्यांना कोरोना झाल्याचा फोन आला तेव्हा धाकटे जावई चहात बिस्कीट बुडवत होते. बातमी ऐकून त्यांना वाईट वाटलं, आणि पुढचं वाक्य ऐकून बिस्कीट तुटून कपात पडलं.

"भाऊजी, तुम्हीच जा बाबांकडे राहायला," थोरली मेहुणी फोनवरून म्हणाली. "मला दमा आहे. ह्यांची पाठ ही अशी. धाकटीला अजून झालेला नाही. तुम्हाला होऊन गेलाय, तुम्हाला कसली भीती?"

या बोलण्यातली एकच गोष्ट खोटी होती आणि ती फक्त धाकट्या जावयांना ठाऊक होती. त्यांना कोरोना झालेलाच नव्हता.

सहा-सात महिन्यांपूर्वी थोरल्या मेहुणीनं घर बदललं. नवं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सामानात एक लोखंडी कपाट, जे रिकामं असलं तरी भरल्यासारखं जड लागायचं. साथीच्या दिवसांत हमाल मिळेनात, तेव्हा दोन्ही जावयांनी मिळून ते चढवायचं ठरलं. आदल्या दिवशी धाकट्या जावयांनी पॉझिटिव्ह असल्याचा लॅबमधून फोन आला असं बायकोला सांगितलं, रिपोर्ट परस्पर ऑफिसात जमा होतो म्हणाले, आणि मागच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली.

सोंग वठवणं त्यांना जड गेलं नाही. विमा कंपनीत त्यांचं कामच आजारपणाचे दावे तपासण्याचं होतं. खोटा आजारी नेमका कुठे फसतो हे त्यांना तोंडपाठ होतं. तो फार कण्हतो. म्हणून ते अजिबात कण्हले नाहीत. जरा कणकण आहे एवढंच सांगून दोन आठवडे पुस्तकं वाचत पडून राहिले. तक्रार केली ती एकच, बायको दाराशी ठेवायची त्या जेवणाची.

"आजारी माणसाला मीठ द्यायचं नाही असा काही नियम निघालाय का?" ते दाराआडून विचारायचे.

"अहो, मीही तेच जेवतेय. मीठ बरोबर आहे."

खोलीबाहेर आल्यावरही त्यांनी हा विषय सोडला नाही. भेटेल त्या नातेवाइकाला ते सांगत, "रोगातून वाचलो, पण बायकोच्या हातच्या अळणी जेवणातून वाचेन असं वाटलं नव्हतं." लोक हसायचे. बायकोही हसल्यासारखं करायची आणि पाणी आणायला म्हणून आत जायची.

कपाट शेवटी थोरल्या जावयांनी एकट्यानं चढवलं. दिवाणखान्यापर्यंत आणलं आणि तिथेच त्यांची पाठ गेली, ती गेलीच. कपाट तेव्हापासून दिवाणखान्याच्या मधोमध उभं होतं आणि पाहुणे त्याला वळसा घालून बसायला जायचे. धाकट्या जावयांनी त्या घरी जाणंच कमी केलं. कपाट दिसलं की त्यांची मान आपोआप खाली जायची.

"हे बघा, प्रतिकारशक्ती जन्माला पुरत नाही," आता ते फोनवर म्हणाले. "विम्यासारखंच असतं ते. मुदत संपते. माझी संपली असणार."

"किती असते मुदत?"

"ते नक्की कुणालाच माहीत नाही."

"मग संपली हे तुम्हाला कसं कळलं?"

बायकोनं मध्ये पडून डॉक्टरांनाच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "अँटिबॉडी हळूहळू कमी होत जातात. कुणाच्या काही महिन्यांनी सापडेनाशा होतात, कुणाच्या वर्षभरही टिकतात. तारीख मला सांगता येणार नाही. आणि सापडल्या म्हणून पुन्हा होणारच नाही असंही नाही. मास्क लावायचाच." लस तेव्हा अजून यायची होती.

"मग तपासून घेऊ," फोन ठेवून बायको म्हणाली. "संपल्या असतील तर मी तुम्हाला पाठवणार नाही. बाबांसाठी दुसरं काहीतरी बघू. पण तुमच्या जिवावर बेतायला नको."

हे ऐकून धाकट्या जावयांना स्वतःची लाज वाटली, पण सुटकेचा आनंद लाजेपेक्षा मोठा होता. मुळात नसलेल्या अँटिबॉडी सापडणार कुठून? शून्य आकडा येईल, सगळे म्हणतील मुदत संपली, आणि खोटं उघडं न पडता काम होईल. लॅबमध्ये त्यांनी बाही इतक्या उत्साहानं वर केली की रक्त घेणाऱ्या बाईंनी त्यांच्याकडे दोनदा पाहिलं.

पण रिपोर्ट मिळणार होता परवा, आणि सासऱ्यांचा ताप संध्याकाळीच चढला. "परवापर्यंत बाबांना पाणी कोण देणार?" मेहुणीनं विचारलं. धाकटे जावई एकावर एक दोन मास्क चढवून, बॅग घेऊन निघाले.

सासरे निवृत्त हेडमास्तर होते आणि घरी एकटेच राहायचे. परीक्षेत कॉप्या पकडण्यात त्यांची हयात गेली होती. लग्न ठरतानाच धाकट्या जावयांकडे पाहून ते म्हणाले होते, "हा मुलगा पेपर कोरा ठेवून पुरवणी मागणाऱ्यांतला दिसतो." त्यानंतर त्यांचं मत बदलण्यासारखं काही घडलं नव्हतं.

पहिली रात्र धाकट्या जावयांनी औषधाचा ट्रे छत्रीच्या टोकानं खोलीत ढकलत काढली. खोकल्याचा आवाज आला की ते श्वास रोखून धरायचे. सकाळी मात्र हेडमास्तर बाथरूमच्या दाराशी झोकांडले, आणि छत्री, श्वास, अंतर, सगळं विसरून जावई धावले आणि त्यांनी म्हाताऱ्याला अलगद उचलून पलंगावर आणलं. मग अंग पुसलं, चादर बदलली, बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावलं. आता जे व्हायचं ते होऊन गेलं, असं म्हणून ते पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. हेडमास्तरांनी चष्मा लावून जावयांकडे बराच वेळ पाहिलं.

"जावईबापू, थोरल्यांची पाठ धड असती तर ते आले असते. नशीब म्हणून तुम्ही आलात. इतकी वर्षं मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं."

धाकट्या जावयांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोरल्यांची पाठ कुणामुळे गेली होती? शिव्या त्यांनी पचवल्या असत्या, पण हे कौतुक घशाखाली उतरेना.

"बाबा, मला कोरोना झालाच नव्हता," ते म्हणाले. "कपाट उचलायला नको म्हणून तसं सांगितलं होतं."

"धाकटीला माहीत आहे?"

"नाही."

हेडमास्तर छताकडे बघत राहिले. मग एकदम त्यांनी मान वळवली. "म्हणजे अंगात कसलंही संरक्षण नसताना तुम्ही काल मला उचललंत?"

या बाजूनं जावयांनी विचारच केला नव्हता. "तसंच म्हणायचं," ते म्हणाले.

"खोटारडे आहात," हेडमास्तर म्हणाले, "पण भित्रे नाही." आणि त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढून जावयांच्या हातावर ठेवला.

धाकट्या जावयांचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना शूर म्हणत होतं. त्यांना थोडं ताठ बसावंसं वाटलं आणि ते बसलेही. तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्या दोन्ही हातांत रबरी हातमोजे होते, म्हणून हेडमास्तरांनीच स्पीकर लावला.

"अहो, रिपोर्ट आला," बायको आनंदानं म्हणाली. "भरपूर अँटिबॉडी आहेत. रक्त तुम्ही बाबांकडे जायच्या आधीचं आहे ना, म्हणजे त्या आजारपणाच्याच, डॉक्टर म्हणाले. आता मला जरा झोप लागेल."

हेडमास्तरांचा हात पांघरुणात परत गेला.

"झाला नव्हता म्हणालात," ते म्हणाले.

"नव्हताच, बाबा. शपथ घेतो. मी ठणठणीत होतो. कपाटासाठी खोटं बोललो, एवढं खरं आहे."

"मग रक्त खोटं बोलतंय का? त्या दिवसांत काहीच झालं नाही? ताप, खोकला?"

"काही नाही. फक्त जेवण जरा..." म्हणता म्हणता धाकटे जावई थांबले. फोन चालूच होता.

"अळणी," बायको फोनमधून म्हणाली.

मग तीच म्हणाली, "बाबा, त्यांना म्हणावं, आधी तुम्हाला बरं करा आणि मग घरी या." फोन बंद झाला.

"तुम्ही खोलीत कोंडून घेतलंत म्हणून धाकटी वाचली," हेडमास्तर म्हणाले. "खरं बोलून कपाट उचलायला गेला असतात तर दम्याच्या पोरीच्या घरात रोग घेऊन गेला असतात."

"म्हणजे एका परीनं बरंच झालं," जावई हळूच म्हणाले.

"उत्तर बरोबर आलं, पण रीत चुकली. अशाला मी शून्य द्यायचो."

हेडमास्तर पूर्ण बरे झाल्यावर, डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर, धाकटे जावई आधी थोरल्यांकडे गेले आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. थोरले कोचावर उशी पाठीशी घेऊन बसले आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "जरा डावीकडे घ्या." मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. कपाट भिंतीला लागेस्तोवर धाकट्या जावयांचा शर्ट घामानं चिंब झाला होता.

घरी बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसली. पहिल्याच घासाला धाकट्या जावयांना कळलं की जेवणात मिठाचा कणही नाही. या खेपेला जीभ अगदी जाग्यावर होती. मिठाचं भांडं हाताच्या अंतरावर होतं आणि त्यावर बायकोचा हात होता.

"मीठ बरोबर आहे ना?" तिनं विचारलं.

"बरोबर आहे," ते खाली बघत म्हणाले.

"आणखी वाढू?"

त्यांनी ताट पुढे केलं.