पेपर कुठल्या खोलीत निघाला?

गणिताच्या सरांनी मोबाइलवर बटण दाबलं आणि ते शिक्षकखोलीतल्या प्रिंटरसमोर उभे राहिले. प्रिंटर ढिम्म. उद्या दहावीची सराव परीक्षा होती आणि सरांचा पेपर आजवर एकदाही फुटला नव्हता. विज्ञानाचा फुटला, खुद्द मुख्याध्यापकांचा फुटला, पण सरांचा नाही. तेवढ्या एका गोष्टीवर ते शाळेत ताठ मानेनं वावरत.

त्यांनी टॅबवरून पाठवला. मग लॅपटॉपवरून. प्रत्येक यंत्र 'छापलं' म्हणून मोकळं होत होतं.

"मेल्याला काय धाड भरलीय?" सरांनी प्रिंटरला चापट मारली.

"अहो सर, तो फक्त कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरचं ऐकतो," संगणकाच्या बाई म्हणाल्या. "मोबाइलचं ऑफिसात निघतं, टॅबचं लायब्ररीत आणि लॅपटॉपचं लॅबमध्ये. मीटिंगमध्ये सांगितलं होतं की!"

त्या मीटिंगमध्ये सरांचा डोळा लागला होता.

"लॅबमध्ये आत्ता कोण आहे?"

"दहावी."

सर धावत सुटले. वाटेत ऑफिस लागलं. तिथे क्लार्कनं पेपरावर डबा उघडून ठेवला होता. सरांनी डब्याखालून कागद ओढला, भाजी सांडली, पण क्लार्क काही बोलायच्या आत ते लायब्ररीत पोचले. तिथे पेपर सूचनाफलकावर टाचलेला होता.

"म्हटलं, मुलांना सरावाला दिलाय," ग्रंथपाल कौतुकानं म्हणाले. "छान आहे हो!"

लॅबमध्ये सर पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. वर्ग शांत बसला होता. पहिल्या बाकावरची मुलगी उठली आणि तिनं कागद पुढे केला.

"सर, हा तुमचाच ना?"

"कुणी कुणी वाचला? खरं सांग."

"कुणीच नाही, सर."

सरांचा जीव भांड्यात पडला. मुलं किती गुणी आहेत, असं त्यांना वाटलं.

"आमच्याकडे आहेच की," मुलगी म्हणाली. "ताईनं तिच्या वर्षीचा जपून ठेवलाय. दरवर्षी हाच असतो ना?"

सर मिळेल त्या खुर्चीवर बसले. आकडे बदलायचा कंटाळा त्यांना कधीपासून येऊ लागला होता, ते त्यांनाही आठवेना.

"सगळ्यांकडे आहे?"

सगळ्या माना हलल्या.

"मग दरवर्षी जवळजवळ अख्खा वर्ग नापास कसा होतो रे?"

तीच मुलगी हळूच म्हणाली, "पेपर आहे, सर. पण ती गणितं कुणालाच येत नाहीत. ताईलाही येत नाहीत."

रागवायचं कुणावर, हे सरांना कळेना. त्यांना फार वाईट वाटलं. ते उठले आणि त्यांनी खडू घेतला.

"बरं. कुठे अडतं?"

"सुरुवातीलाच, सर," सगळा वर्ग म्हणाला.