गोंदाजीच्या आढ्यातल्या लेकी

आमच्या अकोटात गोंदाजी माळी हा एकच माणूस असा, की पाहुणा उंबऱ्यावर आला की त्याला दम द्यायचा, "हळू बोला. वर बाळंतिणी हायेत."

वर म्हणजे आढ्याला, आणि बाळंतिणी म्हणजे वटवाघळं. मुठीएवढी, उंदरासारख्या कानांची, चांगली शे-दीडशे. दर उन्हाळ्यात ती येऊन लटकत आणि गोंदाजी घरात मिरची कुटणं बंद करी. ठसक्यानं त्यांना त्रास होतो म्हणे.

"सगळ्या लेकीच," तो मला सांगे. मी शेजारी, तेव्हा सुटका नव्हती. "बाप्ये तिकडं नदीकाठच्या भेगाईत रायतात. ह्या बाळंतपनाले माहेरी येतात. एकेकीले एकच लेकरू. पन शंभरातून आपलंच वळखते, आवाजावरून."

"आन् घान करतात ते?"

"माहेरी आलेल्या पोरीचं कोनी असं काढते काय?"

ती घाण तो पाट्या भरून मळ्यात टाकी. त्याची वांगी गावात सगळ्यात मोठी. कशानं, ते ठाऊक असूनही आम्ही चवीनं खात असू.

त्यात कापसाचे दिवस आले. दूर कुठे लढाई लागली आणि विलायतेला आमचाच कापूस हवा झाला. तिसऱ्या वर्षी तर ठेवायला जागा उरेना. मी गाय अंगणात बांधून गोठा कापसानं भरला. एक व्यापारी गोंदाजीचा माळा मागायला आला. म्हणाला, धुरी दिली की वाघळं पळतील.

गोंदाजीनं त्याला गूळपाणी दिलं. "बाळंतिणीले धुरी देतात, शेठजी, पन ओव्याची. हाकलाची नाई."

त्या वर्षी साऱ्या गाड्या कापूस वाहत होत्या. गोंदाजीची मात्र दारात उभी, चाकांना वंगण, आत कडब्यावर गोधडी. मीच चारचौघांत म्हणालो, "काकाची गाडीबी बाळंत व्हायाची हाय." सगळे हसले. तोही हसला.

दुसऱ्या सकाळी मी अकोल्याला निघालो, तर तो वाटेत उभा.

"बापू, जुन्या शहरात माही काशी हाय. तिले सातवा लागला म्हनतात. सांग, गाडी रिकामी हाय."

काशी त्याची एकुलती लेक. दोन वर्षांमागे, कापसाच्या पहिल्याच साली, पहिल्या बाळंतपणाला ती माहेरच्या गाडीची वाट पाहत बसली होती. गाडी कापूस घेऊन गेली होती. तेव्हापासून ती आली नव्हती.

मला कालच्या बोलण्याची फार लाज वाटली.

"तुमीच कावून जात नाई, काका?"

"मले पाह्यलं त दार लावून घेते ते."

"लावू द्या. दाराआडून आवाज त जाते. वळखतात म्हनून तुमीच सांगता ना? जुंपा गाडी."

तो माझ्याबरोबर दाराशी परतला, बैलांच्या शिंगांवरून हात फिरवला. मग त्यानं गाडी जुंपली, कासरा माझ्या हातात दिला आणि घरात गेला. आढ्याखाली उभा राहून अगदी हळू म्हणाला,

"पोरीहो, काशीले आनाले चाललो. दोन दिसात येतो. मिरची कोनी कुटनार नाई."