लेलेबाई मेल उघडत नाहीत

आमचे शेजारी अप्पा नाचणकर दगडी गडग्यापलीकडे उभे राहून मला रोज वेगळी हाक मारायचे आणि मी बाहेर आले की कामाचं काही न बोलता परत जायचे.

पहिल्या दिवशी हाक आली, "वहिनी, आंबे घ्या, अस्सल हापूस." कलमं आमची, आंबे आमचे, आणि ते मलाच का विकतायत हे कळेना, म्हणून मी आपली घावन घालत राहिले. दुसऱ्या दिवशी, "वहिनी, शेवटची संधी." मी खिडकीतून बघितलं आणि परत तव्याकडे वळले. तिसऱ्या दिवशी नुसतंच, "वहिनी, एक सांगायचं होतं." मी पिठाच्या हातानं बाहेर धावले. अप्पांनी माझ्याकडे नीट बघितलं, "हं, उघडलं," म्हणाले आणि चपला ओढत निघून गेले. काय सांगायचं होतं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

अप्पा वेडे नाहीत, असं ह्यांचं ठाम मत आहे. माझं अजून ठरत नाही.

त्याचं असं झालं. इतकी वर्षं आमचे आंबे वाशीच्या दलालाकडे जायचे आणि तो देईल ते आम्ही मुकाट्यानं घ्यायचो. यंदा ठरवलं, थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवायचे. माझी पुतणी मुग्धा पुण्यात मार्केटिंगमध्ये आहे. अधूनमधून आमच्याकडून पेटी नेणाऱ्या लोकांचे मेलचे पत्ते तिनं कॉम्प्युटरवर चढवले आणि मला शिकवायला बसली. "काकू, मेल उघडायचा की नाही हे माणूस सब्जेक्ट लाइनवर ठरवतो. ती एक ओळ जमली की अर्धं काम झालं. ओळ छोटी हवी, फायदा दिसायला हवा आणि थोडी घाई वाटायला हवी." यातलं मला 'काकू' तेवढं कळलं.

अप्पा तेव्हा आमच्या पडवीत चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "ती ओळ माझ्याकडे द्या."

अप्पा एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारण्यात त्यांची नोकरी गेली. "उभा जन्म सब्जेक्ट लाइनच बोललो मी," ते म्हणाले. "राजापूर गाडी फलाट दोनवर लागत आहे. यात एक शब्द जास्त आहे काय?" मुग्धानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

मला वाटलं, आता 'हापूस गाडी फलाटावर लागत आहे' असलं काहीतरी येणार. पण अप्पांचं डोकं भलतीकडेच चालतं. गडग्यावरून त्या तीन दिवसांच्या हाका मारून झाल्यावर ते पुन्हा पडवीत येऊन बसले. "वहिनी, गाडीवर ढळढळीत बोर्ड असायचा. वर मी माइकवर बोंबलतोय. तरी माणूस खिडकीशी येऊन विचारणार, ही राजापूरला जाते काय ओ? त्याला वाचायचं नसतं. त्याला कुणीतरी बोलायला हवं असतं." मग आवाज खाली आणून, "आणि मला सांगा, आपल्याकडे कुणाच्या घरी गेलं की कामाचं पहिलं काढतो काय आपण? पाणी होतं, चहा होतो, गुडघ्यांची चौकशी होते. काम निघतं ते उठताना, एक पाय पायरीवर ठेवून. सब्जेक्ट लाइन म्हणजे गडग्यावरची हाक. तिथेच आंब्याचं नाव काढलंत तर कोण बाहेर येणार?"

मी स्वतःच घावन सोडून बाहेर गेले होते, त्यामुळे मी मान डोलावली.

अप्पांचा पहिला मेल गेला. सब्जेक्ट होता, 'काही नाही, सहज.' आत उन्हाची चौकशी, तब्येतीची चौकशी, मुलं परीक्षेतून सुटली का, असं सगळं. शेवटी सहीच्याही खाली एक ओळ, 'बरं, आंबे आहेत.' कुणी मेल उघडला की आमच्या कॉम्प्युटरवर त्याच्या नावासमोर हिरवा ठिपका येतो. दुसऱ्या दिवशी पडद्यावर नुसतं शेवाळ धरलं होतं. मुग्धाचा पुण्याहून फोन, "काकू, इतके लोक कधीच उघडत नाहीत. काय लिहिलंत?" मी सांगितलं. तिनं ते मला दोनदा परत म्हणायला लावलं.

लोकांची उत्तरंही आली. एका गृहस्थांनी आपल्या कंबरदुखीचा इतिहास लिहिला. एका बाईंनी नातवाच्या मुंजीचे फोटो पाठवले. आंबे मात्र मोजक्यांनीच मागवले. पुढचा सब्जेक्ट होता 'जरा बसून वाचा.' त्यावर ठाण्याहून एकांचा घाबराघुबरा फोन आला, कोण गेलं म्हणून. कुणी गेलं नाही, आंबे आलेत, असं म्हटल्यावर त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी तिथल्या तिथे दोन पेट्या सांगितल्या. मध्ये मुग्धानं आपल्या पद्धतीनं 'हंगाम संपतोय, आजच मागवा' असा एक मेल धाडून बघितला. तो फारसा कुणी उघडलाच नाही. आता अप्पांचं बरोबर म्हणावं की मुग्धाचं, मला काही समजेना. अढीतल्या आंब्यांना तेवढी घाई वाटत होती. ते पिवळे होत चालले होते.

अशात अप्पांच्या लक्षात आलं की पुण्याच्या लेलेबाईंच्या नावासमोर ठिपका नाही.

लेलेबाई म्हणजे आमचं एक जुनं गिऱ्हाईक. अप्पांनी त्यांना कधी पाहिलेलं नाही, ते त्यांच्याशी कधी बोललेही नाहीत. पण सगळ्यांनी उघडलं आणि एकीनंच उघडलं नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. बाकीची गिऱ्हाइकं बाजूला राहिली. 'लेलेबाई, आहात ना?' असा एक मेल गेला. मग 'पुण्यात ऊन फार आहे म्हणतात.' मग 'आंबे नकोत तर राहू देत.' आणि शेवटी 'नुसतं उघडा.' प्रत्येक ओळ आधी गडग्यावरून माझ्यावर आजमावून पाहिलेली. नुसतं उघडा, अशी हाक ऐकून मी कपाट, डबे, मागचं दार असं सगळं उघडून पाहिलं.

सकाळी तोंड धुतल्याबरोबर अप्पा हजर. "वहिनी, ठिपका?"

"नाही ओ."

"बघा वायच नीट."

"अप्पा, त्यांनी यंदा दुसरीकडून घेतले असतील."

"घेऊ देत की. खुशाल घेऊ देत. पण बाई बऱ्या आहेत एवढं तरी कळू दे."

बायको गेल्यावर अप्पा घरात एकटेच. मूलबाळ नाही. मी म्हटलं, "बाईंचा नंबर आहे माझ्याकडे. फोन करा." ते दचकलेच. "ओळख ना पाळख, आणि फोन? फोन म्हणजे थेट माजघरात शिरणं झालं."

दोन दिवसांनी अप्पांच्या दाराला कुलूप दिसलं. अप्पांनी आमच्या अढीतून एक पेटी भरली आणि लेलेबाईंचा पत्ता लिहून नेला, असं ह्यांनी सांगितलं. सकाळच्या एसटीनं अप्पा पुण्याला गेले होते. फोन करायला संकोच वाटतो आणि पेटी घेऊन दारात जायला वाटत नाही, याचा मेळ मला काही केल्या बसेना. "मेल उघडला नाही म्हणून विचारायला घाट चढून कोण जातं?" असं मी ह्यांना विचारलं. "अप्पा जातात," हे म्हणाले आणि पेपर उलटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा परत आले. घरी न जाता पिशवी घेऊन आधी आमच्याकडे आले. पेटी हातात नव्हती.

"बाई बऱ्या आहेत," ते म्हणाले. "मोतीबिंदू काढलाय. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायची बंदी केलीय, म्हणून ठिपका नव्हता."

"त्यांनी ओळखलं तुम्हाला?"

"कुठून ओळखणार? दार उघडून विचारलं, कोण आपण? म्हटलं, रत्नागिरीहून आलोय, आंबेवाल्यांकडचा. आत बोलावलं. चहा झाला. सगळे मेल मी त्यांना तोंडी सांगितले. नुसतं उघडा ऐकून इतक्या हसल्या, डोळ्याला धक्का लागेल म्हणून मलाच भीती."

"आणि आंबे?"

"पेटी दिली. आणखी दोन पाठवा म्हणाल्या, बहिणींना."

मला बरं वाटलं. आता अप्पा उठतील, उद्यापासून बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघतील. पण ते पिशवी मांडीवर धरून पडवीच्या कडेला नुसते टेकलेले, उठेनातही आणि नीट बसेनातही.

"वहिनी, निघताना बाई म्हणाल्या, पोचलात की कळवा."

"म्हणणारच. सगळेच म्हणतात."

"सगळेच म्हणतात," अप्पा म्हणाले. "मला कुणी म्हटलं नव्हतं ओ. ही गेल्यापासून मी कुठून निघालो काय, कुठे पोचलो काय, कुणाला कळवायचं राहिलंच नाही. बाई म्हणाल्या आणि मला जिना उतरवेना."

 मी आत जाऊन पाणी आणलं. त्यांनी ते हातात नुसतं धरून ठेवलं.

"आता कळवायचं कसं? बाई मेल तर बघणार नाहीत."

मी बाईंचा नंबर लावला आणि फोन त्यांच्याकडे दिला. या वेळी त्यांनी माजघराचं काढलं नाही. फक्त घाईघाईनं कुजबुजले, "सुरुवातीला काय म्हणू?"

"पोचलो म्हणा."

"नुसतं?"

"नुसतं."

पलीकडून हॅलो ऐकू आलं. सबंध स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात गाड्या पुकारलेला तो माणूस हळूच म्हणाला, "पोचलो."

तिकडून बाई काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही, पण बरंच काही बोलत होत्या. अप्पा "हो, हो" करत होते. मग त्यांनी मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि पाय वर घेऊन भिंतीला टेकून नीट बसले.