देवगाव फाट्याचं उघडं सेशन

झरीच्या केंद्रावरचा माणूस घरी जाऊन पायावर पाणी घेत असतो, तेवढ्यात त्याचा फोन वाजतो. पलीकडे दिगंबरराव. "तुमी घरी गेलात, पर तुमचं सेशन अजून हितंच बसलंय. त्याला कवा न्यायलात?"

नवखा माणूस असेल तर तो घाबरतो. जुना असेल तर फोन बायकोकडे देतो.

दिगंबरराव आमच्या बियाण्यांच्या कंपनीत सर्व्हर सांभाळतात. सर्व्हर परभणीच्या ऑफिसात. जिंतूर, झरी, देवगाव फाटा इथल्या केंद्रांवरची माणसं आपापल्या कॉम्प्युटरवरून त्याच सर्व्हरवर येतात आणि उगवण चाचणीचे आकडे भरतात. शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळल्या, त्यातल्या किती उगवल्या, एवढंच. काम झालं की लॉग ऑफ करून बाहेर पडायचं. पण आमच्या लोकांचं प्रेम वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर. फुली दाबली की खिडकी मिटते आणि माणसाला वाटतं, सुटलो. सुटलेला कोणी नसतो. त्याचं सेशन, म्हणजे त्यानं उघडलेलं सगळं काम, सर्व्हरवर जसंच्या तसं उघडं राहतं. "चुलीवर दूध ठिवून मागच्या दारानं गेल्यावानी हाय हे," असं दिगंबरराव म्हणतात. दिवसातून चारदा तरी म्हणतात.

त्यांचा धाक उगीच नव्हता. जिंतूरचा गंगाधर एकदा स्क्रीन तशीच सोडून चहाला गेला. मागे एक गिऱ्हाईक टेबलावर कोपर टेकून पंख्याची हवा खात बसलं. कोपराखाली कीबोर्ड होता. तुरीची उगवण नऊ लाख नव्याण्णव हजार टक्के अशी नोंद झाली. दिगंबररावांनी गंगाधरला परभणीला बोलावून शांतपणे विचारलं, "एवढी तूर उगवली तर आपुन ऱ्हायचं कुठं?"

पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, हा त्यांचा दुसरा जाच. झरीच्या एकानं कंटाळून बैलाचं नाव ठेवलं. दिगंबररावांना वास लागलाच. "त्या बैलाला तुमी दिवसभर मोठमोठ्यानं हाका मारता. अख्ख्या झरीला तुमचा पासवर्ड म्हाईत हाय!"

असा हा माणूस. आणि याच माणसानं वर्षभरापेक्षा जास्त काळ सर्व्हर एकदाही बंद करून चालू केला नव्हता. सुरक्षेची सुधारणा आली की "पुढच्या हप्त्यात बघू." लाइट जाते म्हणून साहेबांच्या मागे लागून त्यांनी सर्व्हरसाठी आणखी दोन बॅटऱ्या घेतल्या. साहेबांच्या केबिनमधला पंखा बंद पडायचा, सर्व्हर कधी नाही. लोकांना कुलपं लावायला शिकवणाऱ्यानं स्वतःचंच दार सताड उघडं ठेवलेलं. हे कोडं मला सुटत नव्हतं.

मग मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. जुन्या उघड्या सेशनमधून चोर शिरतात, तेव्हा शनिवारी सगळी सेशनं बंद करा, सुधारणा घाला, सर्व्हर पुन्हा चालू करा. हे झालं की नाही ते पाहायला साहेबांनी मला दिगंबररावांच्या शेजारी बसवलं.

शनिवारी दुपारी दिगंबररावांनी उघड्या सेशनांची यादी काढली. एकेक नाव निवडून ते पटापट बाहेर काढत होते. शेवटी एक ओळ उरली. सुमन, देवगाव फाटा. त्यांचा हात माऊसवरून खाली आला.

"हे?" मी विचारलं.

"हे असू द्या, सर."

"अहो, सर्व्हर बंद केला की ते जाणारच."

"म्हाईत हाय मला."

सुमनबाई फाट्याच्या केंद्रावर होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, नवरा वारलेला, आकड्यांत कधी चूक नाही. दिगंबररावांची बायकोही बारा वर्षांमागे गेलेली. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. संध्याकाळी ते सगळ्यांच्या स्क्रीनवर एक निरोप टाकत, "पावणेसहा झाले. लॉग ऑफ करा." त्याला उत्तर देता येत नाही, फक्त ओके दाबता येतं. सुमनबाईंनी त्यावर तोड काढली. दिगंबररावांना गरज पडली तर कोणाचीही स्क्रीन इथून बघता येते, फक्त समोरच्याला आधी विचारावं लागतं, "दिगंबर तुमची स्क्रीन पाहू इच्छितो, चालेल का?" बाई रोज 'हो' दाबत आणि नोटपॅड उघडून लिहीत. आज फाट्यावर लय धूळ होती. भेंडीची उगवण चांगली आहे. तुमी जेवलात का? इकडून दिगंबररावांचा निरोप जाई, "जेवलो. लॉग ऑफ करा."

"एवढंच लिहायचात?" मी कपाळावर हात मारला.

"मग दुसरं काय लिवणार? हापिसचं मशीन हाय."

शेवटच्या दिवशी, वर्ष होऊन गेलं त्याला, बाईंनी लिहिलं होतं, पाच मिनिटं थांबा, तोडू नका. तेवढ्यात फाट्याची इंटरनेटची लाइन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा गाडी घेऊन आला, सुनेचं बाळंतपण होतं. आठ दिवसांसाठी पुण्याला गेलेल्या बाईंनी तिथूनच राजीनामा पाठवला. नोटपॅड सर्व्हरवर उघडंच राहिलं. पलीकडे 'हो' दाबायला कोणी नसल्यानं ते आता दिगंबररावांनाही दिसत नव्हतं, यादीत नुसतं नाव दिसायचं.

"एकदाही फोन केला नाही?"

"काम काय सांगू?"

मी धडधडीत खोटं बोललो. म्हटलं, "नियम आहे. दुसऱ्याचं सेशन तोडायच्या आधी त्याची परवानगी घ्यावी लागते. लावा फोन."

नियमाचं नाव काढलं की दिगंबरराव वाद घालत नाहीत. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि फोन फिरवला. त्यांच्या फोनचा आवाज इतका मोठा की मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, मी दिगंबर. परभणीहून. तुमचं सेशन बंद करायचंय. परवानगी पायजे."

"अगं बाई! ते अजून चालूच हाय?"

"व्हय. लाइन गेलती ना तुमची."

"मग करा की बंद." मागे कुठेतरी लहान मूल रडत होतं. "एवढ्यासाठीच फोन केलात का, दिगंबरराव?"

मी दोन्ही हातांनी खुणा करत होतो. बोला, बोला! दिगंबररावांनी माझ्याकडे पाठ फिरवली.

"व्हय," ते म्हणाले. "एवढ्यासाठीच."

"बरं," बाई म्हणाल्या. आणि फोन बंद झाला.

दिगंबररावांनी ती ओळ निवडली आणि लॉग ऑफ केली. मग सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू व्हायला लागला. मला त्यांचा इतका राग आला होता की गदागदा हलवावंसं वाटत होतं.

"अहो, त्या स्वतःहून विचारत होत्या! काहीतरी बोलायचं होतंत!"

दिगंबरराव काळ्या स्क्रीनकडे बघत बसले होते. फोन अजून त्यांच्या हातात होता.

"बाईंचा आवाज हाय तसाच हाय, सर," ते म्हणाले.