एक सेंटिमीटर

सुसाटकाकांच्या डाव्या टाचेत कळ उठली ती नव्या बुटांच्या चौथ्या दिवशी. बूट लेकीने आणले होते, त्यांच्या सदुसष्टाव्या वाढदिवसाला. आई जाऊन पाच महिने झाले होते आणि बाबा मैदानावर जायचं नाव काढत नव्हते. निदान नवे बूट बघून तरी उठतील, असं तिला वाटलं. ते उठलेही. जुने बूट तिने त्याच दिवशी इमारतीच्या वॉचमनला देऊन टाकले, कारण ते घरात राहिले असते तर बाबांनी तेच घातले असते.

सुसाटकाका हे मैदानावरचं नाव. पासष्टच्या पुढच्या गटात, दहा किलोमीटरच्या शर्यतीत, ते सलग दोन वर्षं पहिले आले होते. त्या गटात एकूण चारच जण असत आणि त्यातले एक गृहस्थ शर्यत चालत पूर्ण करत, एवढा भाग काका सांगत नसत. आपले पाय देवाघरचे आहेत, हे मात्र आवर्जून सांगत. चाळीस वर्षांत ते ना मुरगळले, ना सुजले, ना कुठल्या डॉक्टरच्या हाताला लागले.

असे पाय दुखायला लागले तर माणूस सांगणार कुणाला? काकांनी कुणालाच सांगितलं नाही. आधी मिठाच्या गरम पाण्यात टाच शेकून झाली. मग मैदानावर कुणीतरी दुसऱ्याच कुणाला दिलेला सल्ला त्यांच्या कानावर पडला: पाण्याची बाटली गोठवायची आणि पायाखाली लोळवायची. काकांनी ती न्हाणीघरात लोळवली. बाटली ओल्या फरशीवरून सटकली आणि काका कमरेवर बसले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी औषधाच्या दुकानातून टाचेखाली ठेवायची रबरी गादी आणली आणि ती उजव्या बुटात घातली. चांगल्या पायाला आराम दिला की तो दुखऱ्याचं ओझं आनंदाने उचलेल, असा त्यांचा विचार. चांगल्या पायाचा विचार वेगळा होता. दोन दिवसांत त्याचा गुडघाही धरला.

शेवटी लेकीने त्यांना जिना उलटा उतरताना पाहिलं, शिडी उतरावी तसा, कठडा दोन्ही हातांनी धरून. तिने सरळ रिक्षा बोलावली.

पायांच्या डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी काकांना अनवाणी करून दवाखान्याच्या बोळातून सहा वेळा चालवलं, कमरेच्या हाडांवर बोटं ठेवून पाहिलं, डाव्या पायाखाली लाकडाच्या पातळ फळ्या एकावर एक सरकवल्या आणि सांगितलं की डावा पाय उजव्यापेक्षा एक सेंटिमीटरने आखूड आहे. बहुतेक जन्मापासूनच.

काकांना हा अपमान वाटला. त्यांची सारी नोकरी मोजणी खात्यात गेली होती. इंचाइंचावरून भांडणाऱ्या भावाभावांच्या जमिनी त्यांनी साखळी टाकून मोजल्या होत्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून टेप मागून घेतली आणि आपला पाय आपणच मोजायला वाकले. तिथेच कंबर धरली. दोघींनी मिळून त्यांना सरळ केलं. मापात मात्र फरक पडला नव्हता.

"मग चाळीस वर्षं मी पळलो कसा?" काकांनी विचारलं.

"तेच मलाही कळत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुने बूट आहेत का? झिजलेला तळ पाहिला की बरंच कळतं."

बूट घ्यायला लेक फाटकाशी गेली, तर वॉचमन खुर्चीत बसलेला आणि त्याचा उजवा पाय पालथ्या बादलीवर. महिनाभर तो लंगडत होता. कमरेला तेल लावून झालं होतं आणि बायकोने वयावर बोट ठेवून झालं होतं. दिलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं, म्हणून तो बोलला नव्हता. बूट झकास आहेत ताई, तो म्हणाला, फक्त डावा जरा वर उचलतो.

दुसऱ्या दिवशी लेकीने दोघांनाही नेलं. दवाखान्याच्या बाकावर एक डावीकडे कललेला, एक उजवीकडे, आणि मध्ये ती, तराजूच्या काट्यासारखी.

डॉक्टरीणबाईंनी जुन्या डाव्या बुटातली आतली गादी उचकटली. खाली टाचेच्या आकाराचा, तपकिरी लोकरी कापडाचा एक तुकडा चिकटवलेला होता. चार पदरी, मागे जाड आणि पुढे उतरत गेलेला, कडेने इतकी बारीक शिवण की बोटाला लागू नये. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"हे कुणी केलंय? इतका सफाईदार उतार आम्हालाही दर वेळी जमत नाही."

"आईचा कोट आहे हा," लेक म्हणाली.

मग हळूहळू एकेक गोष्ट निघाली. काकांनी नवे बूट आणले की बायको ते दोन दिवस ठेवून घ्यायची, लेस ओवते म्हणून. आमच्याकडे लेस ओवायला दोन दिवस लागतात, हा काकांचा मैदानावरचा ठरलेला विनोद होता. विजारी घरी शिवल्या जायच्या, त्यांचा डावा पाय ती एक बोट जास्त दुमडायची. लेकीने ते लहानपणी पाहिलं होतं. लोकांच्या शेताचे बांध मोजत हिंडलेल्या माणसाला आपल्या विजारीची टीप कधी दिसली नव्हती.

"मला का नाही सांगितलं तिने?"

लेकीने तो तुकडा हातात घेतला. "लहानपणी मी विचारलं होतं एकदा, विजार अशी का दुमडतेस म्हणून. म्हणाली, कळलं तर ते लंगडायला लागतील. मला ती थट्टा वाटली."

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवसापुरती काकांच्या नव्या बुटात टाचेखाली तात्पुरती घडी घातली, पायाचा साचा घेतला आणि सहा आठवडे पळायचं नाही म्हणून बजावलं. कोटाचा तुकडा दबून गेला होता, आता त्याचा उपयोग नव्हता. काकांनी तो मागून घेतला. दोन्ही पाय सारखे झालेले असूनही ते दवाखान्यातून लंगडत बाहेर पडले. वॉचमन मात्र तुकडा काढलेले बूट घालून ताठ चालत पुढे गेला.

सातव्या आठवड्यात काका शर्यतीत उतरले. चारांत तिसरे आले. चालणारे गृहस्थ थोडक्यात मागे राहिले. टाच, कंबर, गुडघा, कुठे म्हणजे कुठे काही दुखलं नाही. दहा किलोमीटर ते कुठेतरी दुखायची वाट बघत होते.

पूर्वी घरी आल्यावर किती मिनिटं लागली ते सांगायचं, बायको चहा गाळता गाळता "बरं" म्हणायची, आणि शर्यत तेव्हा संपायची. काका इमारतीपर्यंत आले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. रुमाल बाहेर काढला तो घाम पुसायला, पण पुसत होते दुसरंच.

वॉचमन फाटक सोडून जवळ आला.

"टाच का, काका?"

काकांनी मान डोलावली.

"कुठली?"

काकांनी हात ठेवला तो उजव्या टाचेवर. वॉचमनने त्या हाताकडे पाहिलं. काकांचा डावा बूट त्याने महिनाभर घातला होता; दुखणं कुठल्या पायाचं, हे त्याला शिकवायला नको होतं.

"उजवी फार चिवट असते," तो म्हणाला, आणि पायरीवर शेजारी बसला.